पाचगणीचं नंतर बघू, आधी मेडिक्लेम भरा

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, राहणार जुळे सोलापूर. लग्नाला ३५ वर्षं होतायत म्हणून नाताळात पाचगणीला, कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड असलेल्या एका ब्रिटिशकालीन बंगल्यात तीन रात्री राहायचं ठरवतोय. खोलीचे रात्रीला १४ हजार. त्यासाठी ६ लाखांची एफडी मोडू का? शिल्लक नाही, कारण गेल्या आठवड्यात बँकेतून गॅरंटीड पॉलिसी घेतली : वर्षाला १ लाख, ७ वर्षं, नववं वर्ष संपल्यावर २५ वर्षं दरसाल ६० हजार. पुढच्या सहली त्यातूनच होतील. नऊ वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून ३८ हजारांचं मेडिक्लेम यंदा सोडलं. १२ दिवसांपूर्वी मुदत संपली. पत्नीला मधुमेह आहे.

उत्तर : एफडीला हात लावू नका. बंगल्याचं नंतर. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या ओळी जास्त महाग पडणार आहेत.

वार्षिक मेडिक्लेमला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तुमचे १८ उरलेत. तेवढ्यात भरलंत तर नऊ वर्षांची सलगता टिकते. पण मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर खर्च तुमचाच. म्हणून १८ मोजत बसू नका, उद्या भरा. मुदत चुकली तर नव्याने अर्ज, तपासण्या, आणि मधुमेहासाठी ३ वर्षांपर्यंत थांबणं, तेही कंपनीने घेतलं तर. क्लेम झाला नाही म्हणून साठीनंतर मेडिक्लेम सोडायचं? गरज आता सुरू होतेय! शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तुमच्या ३८ हजारांतला कर काढला की ३२ हजार उरतात. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी (आयआरडीएआय) बोलावं लागतं. म्हणजे फार तर साडेपस्तीस धरा. खात्यात तेवढे नसतील तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर बँकेची उचल, घ्या. महिन्याचं व्याज अडीचशेच्या आसपास.

आता ती पॉलिसी. ‘गॅरंटीड’ आहे खरी, पण परतावा जेमतेम साडेचार टक्के. पहिले ६० हजार तुमच्या सत्तरीत, शेवटचे ९४व्या वर्षी. आज ६० हजारांत होणारी सहल ६ टक्के महागाईने सत्तरीपर्यंतच लाखावर गेलेली असेल. निवृत्त माणसाच्या गळ्यात ७ वर्षांचा हप्ता मारणाऱ्याने हे सांगितलं नसणारच.

पॉलिसी बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज विमा कंपनीकडे, लेखी. ‘अटी मान्य नाहीत’ एवढं कारण पुरे. सोबत बाँड आणि रद्द केलेला चेक जोडा, तारखेची पोच घ्या. मुद्रांक, तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी मिळतात. बँकेतले साहेब ‘तीन वर्षं भरा, मग बघू’ म्हणतील. चहा घ्या आणि निघा.

परत आलेल्या लाखातून मेडिक्लेमचे भागून ६४ हजारांच्या आसपास उरतील. त्यात पाचगणी बसते, पण नाताळात नको. १४ हजारांच्या तीन रात्री ४२ हजार. ७,५०० वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणपन्नास. अशा हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्केच लागतो. बाजारातल्या साध्या हॉटेलात ५. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की जानेवारीअखेरचा सोमवार ते गुरुवारचा भाव विचारा. ७,५०० च्या आत आला तर कर ५ टक्के, आणि तिन्ही रात्री पावणेचोवीस हजारांच्या आत. स्ट्रॉबेरीही तेव्हा भरपूर असते. खोली मूळ बंगल्यातली की मागच्या नव्या बांधकामातली, पायऱ्या किती, नाश्ता धरून का, आणि रद्द केल्यास किती परत, हे पैसे भरण्याआधी लेखी मागा. खोऱ्याचा देखावा म्हणून जादा घेतात आणि खिडकी पार्किंगवर उघडते, असंही होतं.

एफडीची मुदत संपली की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ८.२ टक्क्यांनी ६ लाखांवर तिमाहीला १२,३०० रुपये, वर्षाला ४९ हजार. पुढच्या सहलीसाठी सत्तरीची वाट बघायला नको.