एअरबॅग उघडली नाही आणि दोन वर्षं संपत आलीत

ताई, मोहोळजवळ गाडी उभ्या ट्रकला मागून धडकली, बॉनेट पार आत गेलं तरी एकही एअरबॅग उघडली नाही, आणि काही मिनिटांनी तुमचे दीर खिडकीतून वाकून मिस्टरांचा सीटबेल्ट सोडवत होते तेव्हा स्टेअरिंगमधली फाडकन फुटली, त्यांचं मनगट मोडलं. केस होते का विचारताय. होते. पण अशा प्रत्येक पत्रात घोडं एकाच जागी पेंड खातं, तारखेपाशी.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमची दोन वर्षं पुढच्या महिन्यात भरतात आणि तुम्ही एवढे दिवस काय केलं, तर शोरूमला ईमेल. अकरा ईमेल! प्रत्येकाला उत्तर एकच, "कंपनीची टीम चेक करतेय". अहो, पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे कोर्टांनी कितीदा सांगितलंय. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण सबळ कारण लागतं, आणि शोरूमवर विश्वास ठेवला हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच याची खात्री मी देणार नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, नोटीस सक्तीची नाहीच. गाडी 50 लाखांच्या आतली आहे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार चालेल, कंपनीचं ऑफिस कुठंही असो.

आता गाडी. ती चिंचोळी एमआयडीसीतल्या गॅरेजच्या आवारात पडून आहे आणि इन्शुरन्सवाले सॅल्व्हेजच्या, म्हणजे गाडी भंगारात काढायच्या, कागदावर सही मागतायत म्हणता. थांबा. गाडी भंगारात गेली की पुरावा गेला. तो फुटलेला एअरबॅग, डॅशबोर्डखालचं एअरबॅग चालवणारं मॉड्यूल, कशालाही मेकॅनिकला हात लावू देऊ नका, बहुतेक मॉड्यूलमध्ये धडकेची नोंद राहते. तक्रारीसोबतच कलम 38 खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्या.

गाडीची कंपनी काय म्हणेल ते आत्ताच सांगतो. गाडी ट्रकखाली घुसली, सेन्सरला पुरेसा धक्का बसलाच नाही. यावर सुप्रीम कोर्टाचा 20 एप्रिल 2022 चा क्रेटा गाडीच्या न उघडलेल्या एअरबॅगच्या केसमधला निकाल जोडा, ग्राहकाने वेग आणि जोर मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं अशी अपेक्षा नाही, असं कोर्टाने म्हटलंय. पण तुम्ही बाहेरून लोखंडी बंपर गार्ड बसवला होता ना? डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने असे गार्ड चालणार नाहीत म्हणून राज्यांना कळवलं होतं, तरी चौकाचौकात बसवून मिळतात आणि लोक हौसेने बसवतात. धडकेचा जोर गार्डमुळे सेन्सरपर्यंत नीट पोचला नाही, असं ते म्हणणार. लपवू नका, तक्रारीतच लिहा.

दिरांचं वेगळं आहे. ते ग्राहक ठरतील का यावर मी ठाम बोलत नाही, त्यांचे हॉस्पिटलचे कागद घेऊन वकिलाला भेटा. पण बॅग नंतर फुटली म्हणजे ती निकामी नव्हती, तिला वेळेवर इशारा गेला नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूने जाऊ शकतो. आणि गावाकडे सगळ्यांना सांगा, न उघडलेली एअरबॅग जिवंत असते, बॅटरी काढली तरी काही मिनिटं तिच्यात करंट राहू शकतो. आधी गाडी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, आणि बेल्ट सोडवायचा तो बाजूने, स्टेअरिंगसमोर छाती किंवा तोंड नेऊन नाही.

सोमवारी पहिलं काम, गाडी हलवू नये असं गॅरेजला आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रार त्याच आठवड्यात.