सॅप पेरोल या पगाराच्या सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेशन परीक्षेत पीसीआरचे (पर्सोनेल कॅल्क्युलेशन रूल, म्हणजे पगार मोजण्याचे नियम) प्रश्न सारखे चुकतात. नियम लिहायला कसे शिकावे?

पाठांतर सोडा, हातात कागद घ्या. प्रत्येक वेज टाइपला (पगाराच्या घटकाला, उदा. ओव्हरटाइम) तीन खण असतात: संख्या (एन), दर (आर), रक्कम (ए). समजा ओव्हरटाइमचे 10 तास आहेत आणि दर 200. 'मल्टी एनआरए' (एन गुणिले आर, उत्तर ए मध्ये) लिहिलंत की रक्कम 2000 होते. पण एवढ्यावर थांबलात तर ती 2000 हवेत विरते! पीआयटी फंक्शन इनपुट टेबलातली एकेक ओळ नियमातून नेतं आणि शेवटी आउटपुट टेबल हेच नवं इनपुट होतं. म्हणून वेज टाइप आउटपुट टेबलात टाकणारं 'एडीडीडब्ल्यूटी *' विसरलात की तो वेज टाइप पुढे जातच नाही. परीक्षेत मेख बहुतेक इथेच मारलेली असते.

निर्णयाच्या फांद्या काढताना '*' ची (म्हणजे 'बाकी सगळी मूल्यं') फांदी ठेवा. नाहीतर अनपेक्षित मूल्य आलं की पेरोल अडकलाच. एम्प्लॉयी सबग्रुप ग्रुपिंगही (नियम कोणत्या कर्मचारी-गटाला लागू, तो क्रमांक) बघा. नियम 1 साठी लिहायचा आणि कर्मचारी 3 चा, हा घोळ मीही घातलाय.

सॅपचे ट्रान्झॅक्शन कोड लक्षात ठेवा: पीई02 मध्ये नियम, पीई01 मध्ये स्कीमा (फंक्शन्सचा क्रम), पीई04 मध्ये ऑपरेशनची (मल्टी, एडीडीडब्ल्यूटी वगैरे आज्ञांची) माहिती. सरावाला सिस्टम मिळाली तर पेरोल लॉग उघडून नियमाआधीचं आणि नंतरचं टेबल ताडून बघा.