निवड चाचणीत मुलगा ‘ब’ संघात गेला, तर...

प्रश्न : माझा मुलगा गेल्या डिसेंबरमध्ये अकरा वर्षांचा झाला. तो दोन वर्षांपासून येथील एका फुटबॉल क्लबात नियमित सरावाला जातो. एप्रिलमधील निवड चाचणीत तासाभराचा खेळ पाहून त्याला ‘ब’ संघात ठेवण्यात आले. कारण विचारले असता ‘अंगाने कमी पडतो’ एवढेच उत्तर मिळाले. मुलगा फार हिरमुसला आहे. क्लब नेमके काय पाहून मुलांची निवड करतात? आम्ही क्लब बदलावा का?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘डिसेंबर’ हा आहे. आपल्याकडे वयोगट जन्मवर्षावरून, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असे ठरतात. त्यामुळे आपल्या मुलाच्या गटातील जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्याहून जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो आणि या वयात एका वर्षाने उंचीत, वेगात व ताकदीत पडणारा फरक मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही सहज दिसतो. कॅनडातील आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंचीच गर्दी असल्याचे 1985 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले आणि पुढे अनेक देशांतील कुमार फुटबॉल संघांतही तेच चित्र आढळले. निवड करणाऱ्यांच्या मनात खोट नसते. त्यांना मोठा मुलगा ‘चांगला’ वाटतो, एवढेच. पण त्या निवडीमुळे मोठ्या मुलाला अधिक सामने आणि बहुधा अधिक चांगला प्रशिक्षक मिळतो आणि जन्मतारखेने पडलेले अंतर सरावाने आणखी वाढते.

इंग्लंडचा हॅरी केन याला आर्सेनल क्लबाने तो आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिले होते. तेथे वयोगटाचे वर्ष सप्टेंबरपासून मोजतात आणि केनचा जन्म जुलैचा, म्हणजे तो आपल्या गटातील लहानांपैकी एक होता. तोच पुढे इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. प्रत्येक लहानखुरा मुलगा केन होईल, असे मी म्हणत नाही. नवव्या किंवा अकराव्या वर्षीचा निकाल अंतिम मानू नये, एवढे मात्र निश्चित म्हणतो.

आता क्लब काय पाहतात, ते पाहू. नेदरलँड्समधील आयाक्स क्लबाने चार निकष रूढ केले : चेंडूवरील तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग. जाणता प्रशिक्षक यांपैकी समज आणि तंत्र यांना या वयात अधिक वजन देतो, कारण वेग आणि ताकद वाढत्या वयाबरोबर पुष्कळ बदलतात. चेंडू येण्यापूर्वी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो का, त्याचा पहिला स्पर्श चेंडूला मोकळ्या जागेकडे नेतो का, पास दिल्यावर तो उभा राहतो की पुढच्या जागेकडे धावतो आणि चेंडू गमावल्यावर काय करतो, या गोष्टी टिपायच्या असतात. त्या तासाभरात एकाच माणसाला आणि पन्नास मुलांच्या घोळक्यात दिसत नाहीत. म्हणून चांगल्या क्लबात मुलांना क्रमांकाची जाकिटे देऊन चार-चार किंवा पाच-पाच जणांचे छोटे सामने खेळवतात, दोन-तीन प्रशिक्षक स्वतंत्रपणे नोंदी करतात आणि चाचणीच्या दिवसाइतकेच महत्त्व वर्षभराच्या सरावातील निरीक्षणाला देतात. गोलरक्षकांची पारख वेगळी होते. संघ बांधताना केवळ गुणानुक्रम चालत नाही. डाव्या पायाचा खेळाडू, बचाव फळीत रमणारा मुलगा अशा गरजाही पाहाव्या लागतात. त्यामुळे एखादा मुलगा दुसऱ्याहून सरस असूनही त्या जागेसाठी मागे राहू शकतो.

खान्देशापुरती एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 42-45 अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत दुपारी चार वाजता घेतलेली चाचणी खेळ मोजत नाही, ऊन सोसण्याची ताकद मोजते, आणि लहान मुलांच्या जिवालाही ती धोक्याची आहे. चाचणी सकाळी सातच्या आत आटोपावी किंवा पावसाळ्यावर ढकलावी, अशी मागणी पालकांनी एकत्र येऊन जरूर करावी.

क्लब लगेच बदलू नका. आठवडाभर जाऊ द्या, मग मुलाला सोबत न घेता प्रशिक्षकांना भेटा. ‘ब’ संघाला कोण शिकवतो, त्याला किती सामने मिळतात आणि पुढचा फेरविचार कधी होतो, हे तीन प्रश्न विचारा. ‘ब’ संघात मुलगा पूर्ण वेळ खेळत असेल, तर ते ‘अ’ संघाच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा पुष्कळ चांगले. मात्र ‘ब’ संघ नवख्या माणसावर सोपवून वर्षभर त्याच्याकडे कोणी फिरकत नसेल, तर तो क्लबाचा दोष आहे आणि तेव्हा दुसरीकडे पाहण्यात काही गैर नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत चाळीस मुले फुटबॉल खेळू इच्छितात, मैदान एक आणि शिक्षक मी एकटा. पावसाळ्यातील शालेय स्पर्धेसाठी संघ निवडताना पक्षपाताचा आरोप होतो. काय करावे?
— क्रीडाशिक्षक, अमळनेर

उत्तर : शाळा सुरू होताच चार-चार जणांचे संघ पाडून दहा मिनिटांचे सामने लावा आणि प्रत्येक सामन्यानंतर संघ मोडून सोबती बदला. जिंकलेल्या चौघांच्या नावावर प्रत्येकी तीन गुण, बरोबरी झाल्यास एक. तीन-चार आठवड्यांनी ज्यांच्यामुळे कोणताही संघ जिंकतो, ती नावे वहीत आपोआप वर आलेली दिसतील. त्यांत अनेकदा गोल न करणारा, पण योग्य वेळी पास देणारा शांत मुलगा असतो. ती वही मुलांना पाहू द्या. गुणांच्या जोडीला आपली स्वतःची नोंदही ठेवावी, कारण गोलरक्षकाची आणि बचावपटूंची किंमत या पद्धतीत पूर्ण उतरत नाही. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे असल्यामुळे नुकताच चौदा पूर्ण केलेला मुलगा सतरा गाठत आलेल्यांशी झुंजतो. अशा मुलांसाठी वर्षभर एक वेगळा सरावगट ठेवलात, तर दोन वर्षांनी संघ रिकामा पडणार नाही.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी मुलांबरोबर उत्तम खेळत असे. या वर्षी उंची झपाट्याने वाढली आणि तिचा चेंडूवरचा ताबा गेला. प्रशिक्षक तिला संघातून वगळणार आहेत.
— एक आई, शहादा

उत्तर : मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची सुमारे चौदाव्या वर्षी. त्या काळात पाय लांब होतात आणि शरीराचा जुना अंदाज चुकतो. ही तात्पुरती अवस्था आहे. दर तीन महिन्यांनी उंची मोजून ती नोंद प्रशिक्षकांना दाखवा आणि वाढीचा वेग मंदावेपर्यंत निर्णय थांबवण्याची विनंती करा. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखत असेल, तर सराव कमी करून डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्यात मुलींचे संघ थोडे आहेत, म्हणून मुलांच्या सरावातील तिची जागा सुटू देऊ नका.