क्लच जळला, पण कशामुळे?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक जेमतेम ३१,००० किलोमीटर चालली आहे. रोज घोडबंदर रोडने ये-जा असते. हल्ली चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरने क्लच सेट आणि फ्लायव्हील धरून २४,००० रुपयांचं इस्टिमेट दिलं आणि 'क्लच वॉरंटीत येत नाही, तुमच्या चालवण्याने जळला' असं सांगितलं. वॉरंटीचे चार महिने बाकी आहेत. काय करावं? (ठाणे)

उत्तर : इस्टिमेटवर सही करण्याआधी क्लच खरोखर घसरतोय का, ते पाहा. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५०च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा झटकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. काटा आणि वेग दोन्ही हळूहळू वाढत असतील, तर पिकअप जाण्याचं कारण एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंजेक्टर यांत शोधायला हवं. ही चाचणी एकदाच करा. घसरणारा क्लच प्रत्येक वेळी आणखी भाजतो.

गाडीला केबलचा क्लच असेल, तर पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला थोडी ढील लागली पाहिजे. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ढीलच नसेल, तर केबल ताणलेली आहे, म्हणजे पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. नट फिरवून ती ढील देणं काही मिनिटांचं काम. वेळेत लक्षात आलं, तर क्लच वाचतो. क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर जळून गुळगुळीत झालं असेल, तर मात्र ॲडजस्टमेंटने काही होत नाही.

एवढं करूनही क्लच घसरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्या वेळी तुम्ही तिथे हजर राहा. सगळा वाद जुनी प्लेट पाहूनच मिटतो. अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलंय, प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीवर) निळसर चट्टे पडलेत आणि सगळं कोरडं आहे, तर ती हाफ क्लचची, म्हणजे पेडल अर्धवट दाबून गाडी चालवण्याची, उष्णता. तिथे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं बरोबर आहे. पण प्लेट काळी, ओलसर, तेलकट निघाली, तर दोष तुमच्या पायाचा नाही. क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय. वास घ्या : गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला येत नाही. प्लेट झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळतात, सील सहसा वगळत नाहीत. त्यामुळे सीलबरोबर त्याने खराब केलेली प्लेटही वॉरंटीत बदलून मागा. फोटो काढा, जुने भाग ताब्यात घ्या आणि 'प्लेटवर तेल आढळले' ही नोंद जॉब कार्डवर करून घ्या. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तोंडी बोलण्याला किंमत नाही, कागदाला आहे.

फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती, सरसकट बदलू देऊ नका. पृष्ठभागावरून नख फिरवा. नख अडकत नसेल, तडे नसतील, तर पॉलिश पेपरने साफ करून तेच चालतं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) मात्र एकत्रच बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. बेअरिंगचे पैसे आज वाचवले, तर ते गेल्यावर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर सांभाळून चालवा. घोडबंदरच्या कोंडीत पुढच्या गाडीला चिकटून फूट-फूट सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जा. हाफ क्लचवर इंजिन फिरतं आणि प्लेट मागे राहते. त्या फरकाची सगळी उष्णता अस्तरात जाते. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प आणखी वाईट. पुढची गाडी वर चढून रस्त्याला लागेपर्यंत खालीच थांबा. मध्येच अडकलात, तर गाडी क्लचवर तोलू नका, हँडब्रेक ओढा.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही, ९५,००० किलोमीटर. आंबा घाटात सतत फेऱ्या. क्लचबरोबर 'ड्युअल मास फ्लायव्हील' बदलायचं म्हणतात, त्याची किंमत क्लच सेटच्या कितीतरी पट आहे. साधं फ्लायव्हील बसवलं तर? (कोल्हापूर)

उत्तर : घाटात इतकं चालून क्लच जाणं हे अकाली नाही. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगा असतात. डिझेल इंजिनाचे हादरे त्या गिळतात. साधं बसवलं, की ते हादरे गिअरबॉक्सकडे जातात. आमच्या मते ही काटकसर करू नये. मात्र आधी जुनं तपासून घ्या. इंजिन बंद करताना खडखड होते का? चकतीच्या कडेने ग्रीस बाहेर आलंय का? हाताने फिरवल्यावर आणि हलवल्यावर ढील कंपनीच्या मर्यादेत आहे का? तिन्ही बाबतीत ठीक असेल, तर ते राहू द्या.

प्रश्न : क्लच दाबला की घर्रर्र आवाज, सोडला की बंद. क्लच गेला का? (नाशिक)

उत्तर : दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा. उलट, न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग पाहायला सांगा. आवाज वाढत नसेल, गिअर नीट पडत असतील, तर गाडी लगेच उभी करायची गरज नाही. पण लांबच्या प्रवासाआधी दाखवून घ्या. बेअरिंग फुटलं, तर त्याचे तुकडे प्रेशर प्लेटची बोटंही (बेअरिंग ज्यांना दाबतं त्या पट्ट्या) खातात.