पोराच्या तोंडातलं कीचेन

जत्रांचा हंगाम सरला की कीचेनबद्दलची पत्रं सुरू होतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो. मी बेळगावातला बालरोगतज्ज्ञ. धातू पोटात गेलेलं पोर शेवटी आमच्याकडेच आणतात.

मुलानं टायटॅनियमचं कीचेन मागवलंय. त्यानं काही अपाय? (चिकोडी)

नाही. मोडलेल्या हाडात बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे असतात. ते स्टीलपेक्षा बरंच हलकं असतं. तसं लागलं नाही तर विकणाऱ्याला जाब विचारा.

खिशात किल्ल्या असतात त्याच जागी मांडीवर चट्टा आहे. गजकर्णाचं मलम तीन महिने लावतोय. (निपाणी)

मलम थांबवा. मेडिकलमधून विचारून आणलेल्या अशा मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, आजार तसाच राहतो. हे निकेलच्या ॲलर्जीचं असू शकतं. चकचकीत पांढऱ्या मुलाम्यातलं निकेल घामानं सुटतं आणि पातळ कापडातूनही कातडीला लागतं. किल्ल्या बॅगेत ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (पाठीवर पट्ट्या लावून करायची ॲलर्जीची तपासणी) करून घ्या.

तीन वर्षांची मुलगी जत्रेतून आणलेलं पितळी कीचेन सारखं चोखते. शेजारच्या काकू म्हणतात, चिंचेनं घासलं की दोष जातो. लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे चांगलंच असेल ना? (खानापूर)

ताई, आधी ते कीचेन तिच्या हातातून काढून घ्या, पुढचं मग वाचा.

चुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि शिशालाही नाही, त्यामुळे त्या परीक्षेतून काहीच कळत नाही. चिंचेनं तर उलटंच होतं. आंबटानं मुलामा झिजतो, खाली शिसं असलं तर ते उघडं पडतं आणि थोडं तुमच्या हातालाही लागतं.

शिसं स्वस्त, जड, आणि ३२७ अंशांना वितळणारं. साध्या भट्टीवर साच्यात ओतून वर सोनेरी पॉलिश मारलं की झाली 'पितळी' वस्तू. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता. पोट दुखायचं, शौचाला होत नव्हतं, चेहरा पांढराफटक. आधी दोनदा जंतांचं औषध झालं होतं, मग कुणीतरी दृष्ट काढली होती. त्याच्या मुठीत नंदीचं कीचेन होतं. नाकाडावरचं पॉलिश उडून आत करडा धातू दिसत होता आणि शिंगावर दातांचे ठसे होते. पितळेवर दुधाच्या दातांचे ठसे उमटत नाहीत. रक्तात शिसं निघालं. तोवर चार महिने वाया गेले होते, याची चुटपुट मला अजून आहे.

मोठ्या माणसापेक्षा लहान मूल पोटात गेलेलं शिसं चार ते पाच पट जास्त शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान बहुधा भरून येत नाही. रक्तात अमुक इतकं शिसं चालतं, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेनं मानलेलीच नाही. गिळलं तर धोका कितीतरी मोठा, कारण जठरातल्या आम्लात शिसं विरघळत राहतं. २००६ मध्ये अमेरिकेत चार वर्षांचा मुलगा हृदयाच्या आकाराचं लटकन गिळून दगावला. ते ९९ टक्के शिशाचं निघालं.

दुकानदार म्हणेल, 'आयएसआयवालं आहे.' १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा आहे, पण कीचेन खेळणं म्हणून विकलंच जात नाही. पळवाट तिथंच आहे. पोरांना आवडेल असं अस्वल करायचं, पोरांच्या उंचीवर टांगायचं आणि विचारलं की म्हणायचं, ही मोठ्यांची वस्तू. याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही एवढं करा: मुलीचे हात साबणानं धुवा, कीचेन पिशवीत बांधून सोबत घ्या आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करायला सांगा. पोटात दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा तुकडा गिळल्याची शंका असेल, तर आजच जा. एक्स-रेत धातू दिसतो.

कारखान्यातला बेरिलियम कॉपरचा (तांब्यात बेरिलियम मिसळलेल्या धातूचा) तुकडा मिळालाय. घरी घासून कीचेन करू का? (उद्यमबाग)

करू नका. अखंड तुकडा हाताळायला हरकत नाही, पण घासताना उडणारी धूळ फुप्फुसाचा कायमचा आजार देऊ शकते. आधीच घासला असेल तर छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि बेरिलियम हा शब्द त्यांना स्पष्ट सांगा.

मोबाईलचे किरण अडवणारं ऊर्जा कीचेन ओळखीतल्यानं दिलंय. (बेळगाव)

वापरू नका. 'ऋण आयन' म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण सोडतात असं सांगून विकलेले असले काही दागिने स्वतःच किरणोत्सर्गी निघाले. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेनं अशा दहा वस्तू वापरू नका म्हणून सांगितलं होतं. ओळखीतल्यानं दिलं म्हणून धातू बदलत नाही.

लाइटच्या कीचेनमधला बटण सेल दीड वर्षाच्या नातवानं गिळला असावा. केळं चारलंय. पडेल का? (हुक्केरी)

आजोबा, पत्र मिळताच तुम्हाला फोन केला. नातू रुग्णालयात आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला. इतरांसाठी लिहितो: अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजतो. केळं चारू नका, उलटी करवू नका, शौचाची वाट पाहत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि एक्स-रे व दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा.