पोटापाण्यासाठी मुष्टियुद्ध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

व्यावसायिक मुष्टियुद्धाविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे बहुतांशी कोकणपट्टीतलीच आहेत. रिंगच्या कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तरेही त्या कोपऱ्यातून दिसते तशीच दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून तो दोनदा राज्य स्पर्धेत खेळला आहे. लढती भरवणाऱ्या एका प्रमोटरने त्याला चार फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतीसाठी विचारले आहे. त्याने आताच व्यावसायिक व्हावे का? (एक पालक, देवगड)

माझे उत्तर ‘अजून नको’ असे आहे. आंब्याच्या कलमाला पहिली काही वर्षे मोहोर आला तरी तो का खुडतात, हे देवगडच्या माणसाला मी सांगायला नको.

हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि त्यात वजनगटानुसार १० किंवा १२ औंसाचे ग्लोव्हज् असतात. व्यावसायिक लढत चार फेऱ्यांपासून सुरू होऊन बारापर्यंत जाते. १४७ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे ६६.७ किलोपर्यंतच्या वजनगटांत ग्लोव्हज् सहसा ८ औंसांचे असतात आणि आत गॉझ व टेप घट्ट गुंडाळलेली असते. ठोसा तोच असला तरी लागतो वेगळा. हौशी गटात दोन-तीन वर्षांत पन्नास-साठ लढती होऊ शकतात, डावखुरे, उंच, बुटके, अंगावर धावून येणारे असे सर्व प्रकारचे प्रतिस्पर्धी भेटतात, आणि हरले तरी पुढच्या स्पर्धेचे दार उघडे राहते. व्यावसायिक गटात नवख्याचे पहिले दोन पराभव झाले की प्रमोटरचा फोन येणे थांबते. विजेंदर सिंग २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवूनही २०१५ पर्यंत हौशी गटातच राहिला आणि तिशीच्या उंबरठ्यावर, मँचेस्टरमध्ये, पहिली व्यावसायिक लढत खेळला. इतके थांबावे असे मी म्हणत नाही, पण थांबल्यामुळे त्याचे काही अडले असेही मला वाटत नाही.

दुसरे कारण रोकडे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. सेनादले, रेल्वे आणि पोलीस यांच्याकडेही खेळाडूंसाठी जागा असतात. या सर्व ठिकाणी मान्यताप्राप्त हौशी संघटनेच्या स्पर्धांतील पदके विचारात घेतली जातात. व्यावसायिक लढतींतील विजय तेथे उपयोगी पडत नाहीत. परतीचा रस्ता पूर्ण बंद नाही, कारण विकास कृष्ण २०१९ मध्ये व्यावसायिक झाल्यानंतरही टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. मात्र तो आधीच आशियाई सुवर्णपदक विजेता होता, हे विसरू नये.

प्रश्न : मार्च २०२१ मध्ये पणजीला मांडवीतल्या जहाजाच्या छतावर झालेली विजेंदरची लढत मी पाहिली. सलग बारा लढती जिंकलेला माणूस फारशा परिचित नसलेल्या रशियन खेळाडूकडून पाचव्या फेरीत हरला. मग अशा अपराजित विक्रमाला अर्थ तरी काय? (एक वाचक, वेंगुर्ले)

अर्थ आहे, पण तो कोणाविरुद्ध आणि किती अंतराने मिळवला हे पाहिल्यावरच कळतो. तो रशियन खेळाडू, आर्तिश लोप्सान, उंचीने विजेंदरपेक्षा बराच मोठा होता आणि वयाने बराच लहान. विजेंदर त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईला खेळला होता, म्हणजे तब्बल सोळा महिने रिंगबाहेर होता. पस्तिशीत अंतराचा अंदाज आणि पायांची वेळ इतका काळ थांबून राहत नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, तो निवडला जातो. प्रत्येक लढतीत एक ‘घरचा’ कोपरा असतो, ज्याच्यासाठी कार्यक्रम भरवलेला असतो, आणि एक ‘बाहेरचा’ कोपरा असतो, ज्यात ठरलेल्या रकमेवर येऊन प्रामाणिकपणे चार-सहा फेऱ्या खेळून जाणारा अनुभवी माणूस उभा असतो. अशा माणसाच्या नावावर पराभवांची रांग असली तरी त्याला मी कमी लेखत नाही. बचाव त्याच्याकडून शिकावा. त्यामुळे कोणी ‘आठ लढती, आठ विजय’ असे सांगितले की लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या बॉक्सरेकच्या संकेतस्थळावर त्या आठ प्रतिस्पर्ध्यांची नावे उघडून पाहावीत. जागतिक विजेता म्हणवणाऱ्यांबाबतही तीच सवय ठेवावी. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार प्रमुख संघटना आहेत, सतरा-अठरा वजनगट आहेत आणि त्यांखाली खंडीय व प्रादेशिक विजेतेपदाच्या पट्ट्यांची तर गणतीच नाही.

प्रश्न : घरची मासेमारी आहे. व्यावसायिक बॉक्सिंगवर घर चालू शकते का? (एक तरुण वाचक, मालवण)

सुरुवातीची काही वर्षे नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत नंतरही नाही. लढतीसाठी ठरलेल्या रकमेला पर्स म्हणतात. ती मोठी दिसते, पण वाटे पडल्यावर काय राहते ते तुम्हाला समजायला अवघड जाऊ नये, कारण ट्रॉलरवरही विक्रीच्या पैशांतून आधी डिझेल आणि बर्फ वजा होतो, मग मालकाचा वाटा निघतो आणि शेवटी खलाशाच्या हाती काही येते. समजुतीसाठी पर्स ४०,००० रुपये धरू. मॅनेजरचा वाटा सहसा पाव ते एक तृतीयांश असतो. पाव धरला तरी १०,००० गेले. प्रशिक्षकाचे रूढ दहा टक्के म्हणजे ४,००० गेले. उरलेल्या २६,००० मधून आठ आठवड्यांचा खुराक, वैद्यकीय तपासण्या आणि कधी कधी प्रवासही तुमचाच. वर्षाला अशा तीन-चार लढती मिळाल्या तरी नशीब चांगले म्हणायचे. इंग्लंडमधील छोट्या सभागृहांतल्या कार्यक्रमांत तर घरच्या कोपऱ्यातील नवखा मुष्टियोद्धा स्वतः तिकिटे विकतो आणि त्यातून प्रतिस्पर्ध्याचे मानधन निघते.

म्हणून होडी सोडू नका. करार करताना मात्र चार गोष्टी लेखी घ्या : करार किती वर्षांचा आहे, वर्षाला किमान किती लढती मिळतील, वैद्यकीय खर्च कोणाचा, आणि दुखापतीत करार गोठतो की चालू राहतो. मॅनेजर आणि प्रमोटर ही एकच व्यक्ती असेल तर सावध व्हा. मॅनेजरने तुमची पर्स वाढवायची असते आणि प्रमोटरने ती कमी ठेवायची असते. एकाच माणसाने दोन्ही केले तर नुकसान कोणाचे होईल हे उघड आहे. अमेरिकेने २००० साली महंमद अलीच्या नावाने केलेल्या कायद्यात याच दुटप्पीपणाला आळा घालण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न : सरावात डोक्याला मार बसल्यापासून मुलाचे डोके दोन दिवस दुखत होते. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, गेला. मी घाबरते असे सगळे म्हणतात. (एक आई, चिपळूण)

ताई, आपण घाबरता ते योग्यच आहे आणि त्या दिवशी त्याला स्पारिंगला घेणारा प्रशिक्षक चुकला आहे.

रिंगमधील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव हे आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला किम डूक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि पुढे इतर संघटनांनीही तेच केले. असा रक्तस्राव कधी लगेच, तर कधी काही तासांनी कळतो. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, न उतरणारी गुंगी, बोलणे अडखळणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायातील जोर जाणे किंवा झटका येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया जेथे होते तेथेच थेट न्यावे. आपल्याकडे हा प्रश्न घाटापलीकडच्यांपेक्षा बिकट आहे, कारण सिंधुदुर्गातून अनेकदा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठावे लागते आणि उत्तर रत्नागिरीतून पावसाळ्यात घाट चढावा लागतो. म्हणून गावच्या मैदानात लढती भरवणाऱ्यांना मी पहिला प्रश्न रुग्णवाहिकेचा विचारतो. बक्षिसाची रक्कम नंतर.

हौशी मुष्टियुद्धात डोक्यावरील ठोशांमुळे लढत थांबली तर किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दोनदा तसे झाले तर ९० दिवस आणि बारा महिन्यांत तीनदा झाले तर एक वर्ष विश्रांतीचा नियम रूढ आहे. ही बंदी स्पारिंगलाही लागू समजावी. पंच आणि गुणलेखक सरावाच्या खोलीत नसतात. मेंदूला मात्र तो सराव होता की लढत, हे कळत नाही. वर्षानुवर्षे साचणाऱ्या ठोशांनी येणारा विसरभोळेपणा आणि चालण्यातला तोल जाणे याचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ मध्येच केले होते, आणि अशा माणसांच्या आयुष्यातील ठोशांचा मोठा भाग सरावात खाल्लेला असतो, असे माझे निरीक्षण आहे. डोके पूर्ण शांत झाल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, आधी चालणे, मग दोरीच्या उड्या, मग ठोसे मारायची बॅग आणि अगदी शेवटी स्पारिंग, या क्रमानेच त्याला परत येऊ द्या.

प्रश्न : माझे वजन ६६ किलो आहे आणि लढत लाइटवेटला, म्हणजे ६१.२ किलोला ठरली आहे. शेवटच्या आठवड्यात प्लास्टिकचा सूट घालून घाम काढला तर चालेल का? (एक खेळाडू, अलिबाग)

अलिबागच्या दमट हवेत तर अजिबात नाही. घाम सुकताना शरीर थंड होते. समुद्रकाठी तो सुकत नाही, सुटात तर मुळीच नाही, त्यामुळे पाणी जाते आणि ताप मात्र आतच राहतो. व्यावसायिक लढतीचे वजन बहुधा आदल्या दिवशी होते म्हणून हा जुगार खेळला जातो, पण सुकलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे घेणे जास्त धोक्याचे मानले जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंदी असलेल्या यादीत आहेत.

लढतीला आठ आठवडे असतील तर आठवड्याला अर्धा किलो याप्रमाणे चार किलो सहज उतरतात आणि उरलेले आठशे ग्रॅम शेवटच्या दोन दिवसांत जेवण हलके केल्याने जातात. त्यासाठी परदेशी डबे लागत नाहीत. बांगडा आणि तारली खा, पण रव्यात तळून नको. कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी ठेवा, ओल्या नारळाचे वाटण निम्म्यावर आणा. वजन झाल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज थोडी थोडी प्या. पाणी आणि मीठ दोन्ही परत मिळते.

प्रश्न : वाळूत धावण्याचा खरेच फायदा होतो का? (गुहागर)

आठवड्यातून एक-दोनदा, ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर धावावे. भुसभुशीत वाळूत रोज धावल्याने घोट्याच्या मागची शीर दुखावते, आणि शीर दुखावलेल्या मुष्टियोद्ध्याला पाय सरकवता येत नाहीत.

प्रश्न : मुलींना व्यावसायिक गटात संधी आहे का? (एक विद्यार्थिनी, सावंतवाडी)

आहे, पण भारतात अजून फार थोडी. नियमही थोडे विचित्र आहेत : हौशी गटात स्त्रियांची फेरी तीन मिनिटांची असते, तर व्यावसायिक गटात रूढीने दोन मिनिटांची आणि फेऱ्या जास्तीत जास्त दहा. सरिता देवीने २०१७ मध्ये इंफाळला व्यावसायिक पदार्पण केले, परंतु त्या वाटेवर मागून फार जणी आल्या नाहीत. आज तुमच्यासमोर पुण्याच्या देविका घोरपडेचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. तिने २०२२ मध्ये जागतिक युवा स्पर्धेत ५२ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. शालेय स्पर्धांच्या प्रवेशासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा आणि स्पारिंगसाठी मुलगी मिळत नसेल तर आपल्या वजनाचा, हात आवरता येणारा मुलगा प्रशिक्षकांकडून मागून घ्या.

प्रश्न : वय ३४, अकरा व्यावसायिक लढती, शेवटच्या तीन हरलो. थांबावे का? (एक मुष्टियोद्धा, दापोली)

तीन पराभव हे कारण मला पुरेसे वाटत नाही. ते कसे झाले हे विचारावे लागेल. गुणांवर हरला असाल तर अजून बोलता येईल. पण पूर्वी सहज चुकवत होता तो सरळ डावा ठोसा आता लागतो आहे का, सरावानंतरची डोकेदुखी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते का, आणि शब्द जड येतात असे घरचे म्हणतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नका, पत्नीला किंवा भावाला विचारा, कारण आपल्याला ते ऐकू येत नाही. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर थांबा आणि परवान्यासाठी काढलेला जुना एमआरआय असेल तर तो घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. तुलनेला जुने चित्र असणे फार उपयोगी पडते.

पुढचे म्हणाल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम आहे आणि तेवढा वेळ नसल्यास सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. दापोली-मंडणगड पट्ट्यात अकरा व्यावसायिक लढती खेळलेला प्रशिक्षक मिळणे ही शाळांसाठी मोठी गोष्ट ठरेल. फक्त मुलांना शिकवताना त्यांच्यासमोर स्वतः स्पारिंगला उभे राहू नका, पॅड धरा.