पत्ते हातात घेण्याआधी
भावा, आपण पैसे न लावता नुसत्या चिप्सवर (खेळातल्या टोकनांवर) पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळतो, तरी अपुऱ्या झोपेवर डावाला बसू नकोस. मी एकदा रात्रपाळी उरकून थेट बसलो. डोळे चुरचुरत होते, चौकटचा पत्ता बदामचा वाटला अन् फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) समजून सगळ्या चिप्स पुढे सारल्या. सोलापूरच्या मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हातून आलास की आधी माठातलं पाणी पी, अर्धा तास टेक. शेंगाचटणी-भाकरी खा, पण तुडुंब नको, पेंग येते. घरी भांडण झालंय? मग त्या दिवशी नुसतं बघत बस. सुरुवातीला हातात मिळणारे दोन पत्ते दोन्ही एक्के असणं सरासरी २२१ डावांत एकदाच होतं. म्हणून बहुतेक वेळ पत्ते टाकून, म्हणजे तो डाव सोडून, शांत बसायचं असतं, आणि चिडलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. हरल्यावर कान तापले तर ऊठ, सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर मारून ये.